टोपलीखालचं पीठ

मी आज जो काही आहे तो सुमनबाईंमुळे आहे. आधी हे नाव लिहितो आणि मग पुढचं सांगतो. पुढचं वाचून तुमच्यातले काही जण मला हसतील, काही जण बाईंना हसतील. मला हसा, चालेल.

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय. प्रत्येक जण "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" असं म्हणून सुरुवात करतो... आणि मी मनात म्हणायचो, मग आता कसा बसला? माझा तर आजही बसलेला नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव नाही, भूत नाही, आत्मा नाही. वडिलांना लिहिता-वाचता येत नाही, पण विहारात बसून ऐकलेलं त्यांना पाठ आहे. लहानपणी आमची म्हातारी आजी गेली तेव्हा मी विचारलं होतं, "बाबा, आजी आता कुठी गेली?" तर ते म्हणाले, "कुठी जाते? दिवा इझला का जोत कुठी जाते, सांग बरं?" मला ते तेव्हाही पटलं होतं आणि पुढे बीएस्सी झाल्यावर जास्तच पटलं. स्वर्ग-नरक जे काय आहे ते इथेच, आपल्या वागण्यात – असं मी भाषणातसुद्धा बोललेलो आहे.

तर आता नीट सांगतो.

आमचं गाव मूल तालुक्यात. आईवडील दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवण्याला जायचे. बारावीनंतर मला बल्लारपूरच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, पण राहायचं कुठे? गावातल्या एकाच्या ओळखीनं मारोतभाऊंच्या घरी गेलो. मारोतभाऊ पेपर मिलमध्ये ठेकेदाराकडे बांबू उतरवण्याच्या कामावर होते. सुमनबाई त्यांची बायको. दोन खोल्यांचं घर – समोर बैठक, मागे सयपाकाची खोली – आणि बाजूला एक टिनाची खोली, तिचं दार बैठकीतच उघडायचं. ती खोली मला दिली.

पहिल्या दिवशी मी सरळ सांगून टाकलं, "भाऊ, आम्ही जयभीमवाले आहोत." मागून कळून प्रश्न नको म्हणून. भाऊ माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग आत बघून म्हणाले, "अवो, ताट वाढा. बीएस्सी आला."

तेव्हापासून माझं नाव बीएस्सी. पहिल्या वर्षाचा पहिला तास व्हायचा होता आणि गल्लीतली पोरं मला बीएस्सी म्हणायला लागली होती.

तीन वर्षं बाईंनी मला जेवू घातलं. परीक्षेसाठी मी पहाटेच्या गाडीनं चंद्रपूरला निघालो की मागून आवाज यायचा, "काऊन रे बाबू, उपाशीच जाऊन राह्यला? परीक्षा काय उपाशी पोटाले जास्त मार्क देते का?" आणि डब्यात पोळी-चून कोंबून द्यायच्या. माझी आई माझ्यासाठी जे करू शकत होती ते तिनं केलं. बाकीचं सगळं बाईंनी केलं.

बाईंच्या सयपाकाच्या खोलीत एक चित्र होतं. जत्रेत मिळतं तसलं – नरकातल्या शिक्षांचं. चौकोन चौकोन पाडलेले, एकात माणसाला तेलात तळतात, एकात करवतीनं कापतात, खाली लिहिलेलं की अमुक पाप केलं की तमुक शिक्षा. मी त्याची खूप थट्टा करायचो. "बाई, एवढं तेल परवडते का यमाले?" त्या हसायच्या. पण एकदा, भाऊ कामावर असताना, त्या चित्राजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "बाबू, तुले वाचता येते. दार लावून घेनाऱ्याची शिक्षा कोनती हाय याच्यात? मी सारं शोधलं. नाई दाखवली."

तेव्हा मला रेखाताईंबद्दल कळलं. भाऊंची एकुलती एक मुलगी. तिनं आमच्याच समाजातल्या मुलाशी लग्न केलं आणि आईबापाला भेटायला आली, तर भाऊंनी आतून कडी लावली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती गल्लीत उभी होती. बाई आत रडत होत्या. भाऊ खाटेवर बसून होते. मग ती गेली, आणि परत आली नाही. मला खोली का मिळाली, पहिल्या दिवशी भाऊ माझ्याकडे तसे का बघत राहिले – हे मला त्या दिवशी थोडंसं समजलं. भाऊंना मी कधी विचारलं नाही. ते विचारण्यासारखे माणूस नव्हते.

भाऊंचा डावा पाय थोडा ओढत पडायचा. रेल्वे फाटकाजवळ सायकलवरून पडले होते, तेव्हापासून. आंघोळ करून ओल्या पायानं चालले की फरशीवर उजवं पाऊल साधं उमटायचं आणि डाव्याच्या टाचेमागे बोटभर रेघ ओढलेली असायची. बाई पुसता पुसता म्हणायच्या, "पाय धुवाले सांगतलं होतं, पोछा माराले नाई."

माझ्या शेवटच्या वर्षी मारोतभाऊ गेले. छातीत कळ आली आणि बैठकीतल्या खाटेवरच संपले. दुपारी गेले, संध्याकाळच्या आत माती झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी आठला चंद्रपूरला माझी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल.

आता जे सांगतो ते आमच्यात करत नाहीत, पण तिकडच्या गावांमध्ये बऱ्याच घरी करतात. माणूस जिथे गेला त्या जागेवर तांदळाचं पीठ पसरायचं, बाजूला दिवा ठेवायचा आणि वरून मोठी टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलून बायका बघतात. पाखराचा पाय दिसला तर तो पाखराच्या जन्माला गेला, गाईचा खूर दिसला तर चांगल्या गतीला लागला, लेकराचं पाऊल दिसलं तर पुन्हा माणसात येणार. काही ना काही उमटतंच, असं म्हणतात. बाई आणि त्यांची जाऊ – त्यांना मी काकू म्हणायचो – दोघींनी ते पीठ पसरलं. मी बाजूला उभा होतो. मनात म्हणत होतो, तीन वर्षं या घरात सायन्स शिकलो, काय उपयोग?

सकाळी साडेपाचला मी हॉलतिकीट हातात घेऊन खोलीतून बाहेर आलो. बाई आणि काकू आतल्या खोलीत झोपलेल्या. दिवा विझलेला. मी टोपली उचलली. का उचलली? मला बघायचं होतं की काहीच नाही. परत आल्यावर बाईंना सांगता आलं असतं – मी सर्वांच्या आधी पाहिलं, काही नव्हतं.

पण होतं. पूर्ण पाऊल होतं. मोठ्या माणसाचं, डावं. आणि टाचेमागे बोटभर रेघ.

मी घाबरलो नाही, खरं सांगतो. मला राग आला. हे काकूंनीच केलं असणार, असं वाटलं. दुःखी बाईला बरं वाटावं म्हणून केलं असेल, पण फसवणूक ती फसवणूकच. आता गल्लीभर होईल, पुढच्या मरणाला अजून दहा घरी पीठ पसरतील... मी त्यावेळी वीस वर्षांचा होतो आणि मला फार गोष्टी खात्रीनं माहीत होत्या. हातातल्या हॉलतिकिटाची कड पिठावरून फिरवली. उलथन्यानं फिरवतात तशी, दोनदा. सपाट केलं, टोपली ठेवली आणि गाडी पकडायला पळालो.

दुपारी परत आलो तर बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काहीच नाई उमटलं, बाबू. मुंगीचा पाय नाई उमटला."

मी म्हणालो, "उमटणारच नव्हतं, बाई. पिठावर काय उमटते?"

"तुह्यासाठी नाई उमटत रे. माह्यासाठी उमटाले पाह्यजे होतं." मग – "ज्यानं पोरीले दार लावलं, त्याले कोनी दार उघडलं नाई. ना वर, ना खाली. उभे असन कुठीतरी."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण मग विचार केला, सांगून काय होणार? काकूंचं नाव पुढे येईल, घरात भांडण होईल. आठ दिवसांनी सांगू, असं ठरवलं. मग निकाल लागला, मी गावाला गेलो, मग लॅबचा डीएमएलटी कोर्स, मग नोकरी. दर दिवाळीला बाईंना भेटायला जायचो. प्रत्येक वेळी त्या कशावरून तरी तिथेच यायच्या. पावसात एखादा कुत्रा आडोशाला आला की म्हणायच्या, "याइले तरी आडोसा हाय." मी खाली बघून जेवत राहायचो. ते चित्र त्यांनी काढून टाकलं होतं. तरी त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसायच्या.

आठ वर्षं झाली. मी सांगितलं नाही.

सध्या मी भामरागडच्या पलीकडे एका आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. मलेरियाच्या स्लाइड बघतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की आमचा जगाशी संबंध संपतो. या वर्षी अकरा दिवस संपला. डॉक्टर मीटिंगसाठी गेलेले तिकडेच अडकले, सिस्टर सुट्टीवर. लाइट नाही, टॉवर नाही. केंद्रात मी आणि लालसूभाऊ – आमचे शिपाई, माडिया आदिवासी, पन्नाशीचे, गावातच घर. ते दुपारी येऊन बसायचे, संध्याकाळी जायचे. बाकी वेळ मी आणि पावसाचा आवाज. स्वतःशी मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. एक दिवस तर मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातली गावांची नावं वाचत बसलो, नुसता माणसाचा आवाज ऐकू यावा म्हणून.

पुराच्या दिवसांत विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर – आमच्याकडे सगळे तिला टीसीएल म्हणतात – ती स्टोअरमध्ये असते. छत गळून एक पोतं ओलसर झालं. डॉक्टर नसताना किल्ली माझ्याकडे. असं पसरून क्लोरीन उडून जातं हे मला माहीत आहे, पण ओली पावडर तशीच ठेवली तर दगड होते. म्हणून दुपारी स्टोअरच्या फरशीवर ताडपत्री अंथरून त्यावर ती पातळ पसरली. पुठ्ठ्यानं सारखी केली. बाहेर आलो, कुलूप लावलं, किल्ली खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कुलूप उघडलं. वास भसकन नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसले आणि खाली बघितलं.

पावडरीवर बरोबर मध्ये एक पाऊल होतं. एकच. तिथवर जाणारं दुसरं नाही, तिथून निघणारं दुसरं नाही. डावं. टाचेमागे बोटभर रेघ.

नंतर जे केलं ते सांगतो, कारण तुम्ही ते विचारालच. खिडकी पाहिली – जाळी शाबूत, गंजलेले खिळे जागेवर. छत पाहिलं – गळायचं तिथेच गळत होतं, माणूस येण्यासारखं नाही. उंदीर त्या वासाला फिरकत नाही. फोटो काढला का? मोबाइल चार दिवसांपासून बंद होता. ताप होता का? माझ्याच बोटाला टोचून स्लाइड केली, आरशाच्या उजेडावर सूक्ष्मदर्शकात बघितली. निगेटिव्ह. पाय ओढत चालणारा कुणी पेशंट? असतीलही, पण आदल्या तीन दिवसांत केंद्रात एकही पेशंट आला नव्हता, आणि आला असता तरी कुलूपबंद खोलीत एकाच पायावर कसा?

दुपारी लालसूभाऊ आले. मी काही न सांगता त्यांना दारात उभं केलं आणि म्हणालो, "काय दिसते, सांगा."

ते वाकले. "पाय हाय."

"तुमचा तर नाही?"

त्यांनी स्वतःचा अनवाणी पाय उचलून दाखवला. "साहेब, हा फावडा हाय. तो मानसाचा पाय हाय." आणि स्वतःच हसले. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पीठ, टोपली, हॉलतिकीट, सगळं. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतो.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग त्याले जेवाले काय देल्लं?"

"कोणाला?"

"पाहुन्याले. तुमचा पाहुना आला ना."

मी म्हणालो, "भाऊ, आमच्यात असं मानत नाहीत. मेला तो संपला. आणि त्या बाई मानतात की ते नरकात असतील, नाहीतर मध्येच अडकले असतील."

"नरक कुठी आला?"

"असते म्हणतात. खाली. वाईट माणसांना तिथे पाठवतात."

लालसूभाऊ दारातच उकिडवे बसले. "आमच्यात मेला मानूस कुठी नाई जात, साहेब. गावातच रायते. दगड उभा करतो आमी त्याच्यासाठी, सनाले पहिला घास त्याले देतो. वाईट होता तरी देतो. घरचाच ना तो." आणि मग, "त्याले हाकलून देल्लं तर तो जाईन कुठी? रस्ता तर बंद हाय."

हे त्यांनी थट्टेनं म्हटलं की खरंच, मला अजून कळलेलं नाही.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "विहिरीत दवा टाकाची हाय. लोक तेच पानी पिऊन राह्यले. घेऊ का हे?" आणि पावडरीकडे हात दाखवला. त्यांचं बरोबर होतं. मी पुठ्ठा घेतला. हातात पुठ्ठा आला, पण मी तो पावडरीवर टेकवला नाही... लालसूभाऊंनी तो माझ्या हातातून घेतला. चारही बाजूंची पावडर त्यांनी बादलीत भरली आणि मधला परातीएवढा भाग तसाच ठेवला. त्यावर एक घमेलं पालथं घातलं. मी सांगितलं नव्हतं.

तीन दिवसांत दमटपणानं तो भाग गोळा होऊन गेला. घमेलं उचललं तेव्हा नुसता पांढरा लगदा होता. पुरावा म्हणून माझ्याकडे काही नाही.

स्पष्टीकरणही नाही. त्या सकाळचं पाऊल काकूंनी केलं असं मी आठ वर्षं धरून चाललो. ते धरलं तरी दुसऱ्याचं काय? एकटेपणानं डोळ्यांना दिसलं म्हणावं, तर लालसूभाऊंना काय झालं होतं? माझा आत्म्यावर विश्वास नाही. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "पाय दिसला ना, मंग दिसला. त्याचा देव नको करू." मी करत नाही. मला एवढंच समजलं की खरं काय ते ठरवण्याचा अधिकार मी त्या सकाळी परस्पर घेतला होता, आणि तो माझा नव्हता.

रस्ता सुरू झाल्यावर पहिल्या गाडीबरोबर बाईंना पत्र पाठवलं. बाईंना आता ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं होत नाही. चौथी शिकल्यात, मोठं अक्षर असलं की बोट ठेवून वाचतात. पत्राला आज अठरा दिवस झाले. उत्तर आलेलं नाही. माझ्याकडे नक्कल आहे, ती खाली देतो.

आदरणीय सुमनबाई,

सविनय जयभीम. मी बरा आहे. पूर ओसरला.

बाई, हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. हळूहळू का होईना, स्वतः वाचा.

भाऊ गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पिठावर काहीच उमटलं नव्हतं, असं तुम्ही समजता. ते खरं नाही. पाऊल होतं. तुमच्या आधी मी टोपली उचलली होती आणि मी ते माझ्या हातानं पुसलं. काकूंनी मुद्दाम केलं असेल असं मला वाटलं होतं. तुम्ही त्यांना विचारा. त्यांनी केलं असेल तर तसं मला कळवा, मी ते मान्य करीन. पण पुसणारा मी होतो. तुम्ही आठ वर्षं जे सोसलं ते माझ्यामुळे सोसलं. तुम्ही मला जेवू घालत होतात आणि मी तुमच्यासमोर बसून गप्प राहत होतो. याची माफी कशी मागतात ते मला शिकवलेलं नाही.

पाऊल डावं होतं. मागे रेघ होती. तुम्ही ओळखलं असतं.

इथेही एक गोष्ट घडली आहे, ती भेटीत सांगीन. ती पत्रात लिहिली तर तुम्हाला वाटेल की मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहितो आहे. म्हणून मी त्या सकाळी जेवढं पाहिलं तेवढंच लिहितो. स्वर्ग आहे का, नरक आहे का, मला माहीत नाही, आणि असल्याचं मी खोटं सांगणार नाही.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, ती आधी तुम्हाला सांगायची होती. भाऊ कुठेतरी बाहेर उभे असतील असं तुम्ही म्हणत होतात ना? टाच रस्त्याच्या दाराकडे होती, बाई. बोटं आतल्या खोलीकडे होती, जिथे तुम्ही झोपला होतात.

तुमचा,
प्रशांत